पहिली शोधबातमी: गावच्या रस्त्यापासून सुरुवात करताना

तालुक्याला नुकतेच वार्ताहर म्हणून लागलेले, स्वतःचे यूट्यूब चॅनेल चालवणारे किंवा पत्रकारितेचा अभ्यासक्रम संपवून गावी परतलेले अनेक जण विचारतात, की शोधबातमीची सुरुवात कुठून करायची. माझे उत्तर ठरलेले आहे. ओळखीच्या गावातला, गेल्या दोनेक वर्षांत झालेला सिमेंट काँक्रीटचा एक रस्ता घ्या. त्याची लांबी-रुंदी टेपने मोजता येते. त्याच्या प्रत्येक टप्प्याचा कागद सरकारी कपाटात असतो. आणि पैसे कुठून आले, कुणाला गेले हे शोधता शोधता ग्रामपंचायतीपासून जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागापर्यंतचा कारभार समजतो.

विषय छोटा असला तरी तो किरकोळ नाही. छत्तीसगडच्या बिजापूर जिल्ह्यातले पत्रकार मुकेश चंद्राकर १ जानेवारी २०२५ ला बेपत्ता झाले. दोन दिवसांनी त्यांचा मृतदेह एका कंत्राटदाराच्या आवारातल्या सेप्टिक टँकमध्ये सापडला. त्याआधीची बातमी रस्त्याच्याच कामाची होती.

प्रशिक्षण शिबिरांत नीतिमत्तेचा एक तास असतो आणि सुरक्षिततेचा दुसरा. मला ही वाटणी पटत नाही. ज्याने कागद दिला त्याचे नाव आपल्या निष्काळजीपणामुळे फुटले, तर तो तांत्रिक दोष म्हणायचा की नैतिक? बातमीदाराच्या मागे संपादक, पत्रकार संघ, चार ओळखी असतात. माहिती देणारा मात्र पंचायत समितीतला कंत्राटी डेटा एन्ट्री ऑपरेटर असतो, नाहीतर त्याच रस्त्यावर घमेली उचललेला मजूर. त्याला उद्याही तिथेच राहायचे असते. म्हणून पुढच्या प्रत्येक पायरीवर एक प्रश्न स्वतःला विचारायचा: यात पहिली झळ कुणाला बसेल?

कामाला हात घालण्याआधी

आपल्याकडच्या तालुका वार्ताहराला मानधन नावापुरते मिळते आणि जाहिरातींचे टार्गेट मात्र मोठे असते. पुरवणी निघते, नेत्याचा वाढदिवस येतो, दिवाळी अंक असतो, आणि त्या जाहिराती देणारे बऱ्याचदा तेच कंत्राटदार, तेच सरपंच, त्याच पतसंस्था असतात. ज्याच्याकडून गेल्या दिवाळीत जाहिरात आणली त्याच्याच कामाची तपासणी करणार असाल, तर ही गोष्ट संपादकाला आधी सांगा. शक्य असेल तर बातमी सहकाऱ्याकडे द्या. तसे करता आले नाही, तर बातमीचे काम चालू असेपर्यंत त्या माणसाकडे जाहिरातीचा शब्दही काढायचा नाही, आणि फोनवर तर मुळीच नाही. खंडणीचा गुन्हा दाखल करायला एवढे एक रेकॉर्डिंग पुरते. पत्रकाराला अडकवण्याची ही वाट राज्यभर वापरली जाते, आणि काही तोतयांनी खरोखर पैसे उकळल्यामुळे पोलिसांना ती तक्रार खरी वाटते.

नेमणूकपत्र हातात आहे का, तेही आत्ताच पाहा. महाराष्ट्राच्या २०१७ च्या पत्रकार संरक्षण कायद्यानुसार पत्रकारावरचा हल्ला हा दखलपात्र, अजामीनपात्र गुन्हा आहे. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि तपास उपअधीक्षकाच्या खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याकडे देता येत नाही. पण या कायद्यातला पत्रकार म्हणजे माध्यम संस्थेत नियमित किंवा कंत्राटी तत्त्वावर काम करणारा. तोंडी नेमणुकीवर राबणारा वार्ताहर हल्ल्यानंतर स्वतःचे पत्रकारपण सिद्ध करत बसतो. संपादकाकडे एक साधे पत्र मागा. ते मागण्यात कमीपणा नाही.

आधी कागद, मग माणसे

नवखा बातमीदार थेट सरपंचाकडे बाइट घ्यायला जातो. दुसऱ्या दिवशी फाइल सापडत नाही. क्रम उलटा ठेवा.

कुणालाही न विचारता घरबसल्या जे मिळते ते पहिल्यांदा उतरवा. ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर ग्रामपंचायतीचा विकास आराखडा आणि खर्च दिसतो. राज्याच्या ई-निविदा संकेतस्थळावर निविदा दिसते. शासन निर्णयांच्या संकेतस्थळावर निधीचा आदेश सापडतो. कंत्राटदार कंपनी असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या नोंदींत तिचे संचालक कळतात. सदस्य किंवा आमदार निवडणूक लढले असतील तर त्यांच्या शपथपत्रात मालमत्ता असते. जमिनीचा प्रश्न निघाला तर सातबारा, फेरफार आणि नोंदणी विभागाची सूची क्रमांक दोन, म्हणजे खरेदी-विक्रीच्या दस्ताचा उतारा, आहेच. प्रत्येक पान उघडल्यावर तारखेसह त्याची पीडीएफ करून ठेवा, कारण बातमीचा सुगावा लागल्यावर पाने बदलतात.

पुढचे कागद माहिती अधिकारातून घ्यायचे. रस्त्याच्या कामासाठी यादी साधारण अशी: प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका म्हणजे एमबी, अदा केलेली देयके, काँक्रीटच्या क्यूब टेस्टचे म्हणजे मजबुतीच्या चाचणीचे अहवाल, पूर्णत्वाचा दाखला. यातली एमबी सगळ्यांत मोलाची. कनिष्ठ अभियंत्याने जागेवर जाऊन लांबी, रुंदी, जाडी मोजली असे ती म्हणते आणि तिच्यावरच बिल निघते. तिच्यातला आकडा आणि जमिनीवरचा आकडा यांच्यात फरक असेल, तर बातमी तिथेच आहे.

महाराष्ट्रात अर्ज 'जोडपत्र अ'च्या नमुन्यात, दहा रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पसह करतात. एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, त्यामुळे "सर्व कागदपत्रे द्यावीत" असे मोघम न लिहिता कागदाचे नाव लिहावे. उत्तर ३० दिवसांत यायला हवे. आले नाही किंवा अर्धवट आले तर पुढच्या ३० दिवसांत पहिले अपील, आणि त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे. आयोगातली सुनावणी लांबते, म्हणून शक्य तितके काम पहिल्या अपिलापर्यंत उरकण्याची खटपट करा.

दोन सोयी नवख्यांना सहसा माहीत नसतात. एक म्हणजे अभिलेखांची पाहणी. प्रती मागण्याऐवजी फाइल समोर बसून बघता येते, पहिल्या तासाला शुल्क नाही, आणि २०१८ च्या शासन निर्णयानुसार जिल्हास्तरीय व स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ ही वेळ नागरिकांना फाइल पाहण्यासाठी ठेवलेली आहे. दुसरी सोय माहिती अधिकार कायद्याच्या कलम २(ञ) मध्ये आहे: सरकारी कामातल्या साहित्याचा प्रमाणित नमुना मागता येतो. म्हणजे रस्त्याच्या काँक्रीटचाही. स्वतः पहार घेऊन रस्ता उकरायला जाऊ नका. सार्वजनिक मालमत्तेच्या नुकसानीचा गुन्हा तुमच्यावरच लागेल आणि तो नमुना कुणी मानणारही नाही.

"ही खासगी माहिती आहे" म्हणून नकार आता वाढतील, कारण २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातल्या खासगी माहितीच्या पोटकलमातली सार्वजनिक हिताची वाट काढून टाकली. पण कलम ८(२) शाबूत आहे: जाहीर करण्यातले सार्वजनिक हित जपण्यातल्या हितापेक्षा मोठे असेल तर माहिती देता येते. अपिलात हे कलम नावानिशी लिहा. एमबी ही कुणाची खासगी बाब कशी होऊ शकते, हेही विचारा.

अर्जातून माणूस ओळखू येऊ नये

ही पायरी मी स्वतंत्र ठेवतो, कारण माहिती देणाऱ्याचे नाव फुटण्याची सुरुवात बहुतेकदा इथूनच होते.

समजा, कार्यालयातल्या कुणीतरी सांगितले की १४ क्रमांकाच्या एमबीतले ३७वे पान नंतर घातलेले आहे. तुम्ही उत्साहात नेमके तेच पान अर्जात मागितले. अर्ज टेबलावर आला की साहेबाला दोन गोष्टी कळतात: आतून कुणीतरी बोलले, आणि हे पान फक्त तीन जणांना माहीत होते. पुढचे सांगायला नको.

म्हणून अर्ज रुंद करा. एका गावाऐवजी त्या वर्षात तालुक्यातल्या आठ-दहा गावांत झालेल्या काँक्रीट रस्त्यांच्या एमबी मागा. ग्रामपंचायतीत अर्ज देण्याऐवजी पंचायत समितीत किंवा जिल्हा परिषदेत द्या. ग्रामपंचायतीत सकाळी दिलेला अर्ज संध्याकाळी कंत्राटदाराच्या मोबाइलवर असतो. कारण सांगणे बंधनकारक नाही, कलम ६(२) तसे स्पष्ट म्हणते. पत्ता द्यावा लागतो, पण संपर्कापुरताच. घरचा पत्ता धोक्याचा वाटत असेल तर टपाल पेटी क्रमांक देता येतो, असा निर्वाळा कोलकाता उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये दिला आहे. १३ जानेवारी २०१० ला तळेगाव दाभाडेत सतीश शेट्टी यांची हत्या झाली, तेव्हा ते जमिनीच्या गैरव्यवहारांवर माहिती अधिकारातून काम करत होते. अर्जदाराचे नाव ही आपल्या राज्यात जोखमीची माहिती आहे, हे तेव्हापासून सगळ्यांना ठाऊक आहे.

जागेवर

एकटे जाऊ नका आणि मोजमाप लपूनछपून करू नका. रस्ता सार्वजनिक आहे. दोघांनी टेप धरायची, तिसऱ्याने सलग व्हिडिओ काढायचा. सुरुवातीचे आणि शेवटचे ठिकाण ओळखीच्या खुणांसह दिसले पाहिजे. रुंदी एकाच जागी न मोजता ठरावीक अंतरावर मोजा, कारण एका जागच्या आकड्यावरून "तिथे गटार होते म्हणून" असा खुलासा लगेच येतो. जाडी कडेला दिसते तेवढीच नोंदवा आणि बातमीतही "कडेला" असेच लिहा. रस्ता आधीपासूनच होता आणि नवा म्हणून बिल काढले असा संशय असेल, तर गूगल अर्थवरची जुन्या तारखांची चित्रे पाहा. गावातला अरुंद रस्ता त्यात नेहमीच स्पष्ट दिसेल असे नाही, पण दिसला तर असा पुरावा कुणाला बदलता येत नाही.

जीपीएस कॅमेऱ्याचे अ‍ॅप रस्त्याच्या फोटोसाठी उत्तम. तेच अ‍ॅप चालू ठेवून माहिती देणाऱ्याच्या अंगणात फोटो काढला तर त्याच्या घराचे अक्षांश-रेखांश फोटोवर छापून येतात.

बोलणाऱ्या माणसाशी

माहिती देणारा सत्यासाठीच बोलतो असे नाही. बऱ्याचदा तो विरोधी गटाचा असतो, निविदा हुकलेला ठेकेदार असतो, बदली झालेला कर्मचारी असतो. यात बिघडत काही नाही. कागद खरा असेल तर तो कुणी दिला यावर त्याचा खरेपणा अवलंबून नाही. फक्त त्याचा स्वार्थ तुम्हाला ठाऊक असावा, आणि त्याने न दिलेला अर्धा भाग तुम्ही स्वतः शोधलेला असावा. विरोधी गटाच्या काळात झालेल्या रस्त्याचीही एमबी त्याच अर्जात मागितली की हा तोल आपोआप साधतो.

पहिल्या भेटीतच अटी मराठीत, साध्या शब्दांत ठरवा. "ऑफ द रेकॉर्ड" म्हणजे काय, हे गावातल्या माणसाला माहीत असेलच असे नाही, आणि पत्रकारांतही त्याचे चार अर्थ चालतात. असे विचारा: तुमचे नाव छापू का? नाव नाही तर पद लिहू का? पदही नको, फक्त माहिती वापरू का? की तीही न वापरता मी दुसरीकडून शोधू? उत्तर मिळाल्यावर परिणामही सांगा. "मी नाव छापणार नाही, पण हे फक्त तुम्हालाच माहीत असेल तर लोक ओळखतील." छापण्यापूर्वी त्यांची वाक्ये त्यांना पुन्हा ऐकवा आणि पुन्हा होकार घ्या. मधल्या काळात माणसाची परिस्थिती बदलते. मुलाचा घरकुलाचा हप्ता अडकलेला असू शकतो.

नाव बदलले म्हणजे ओळख लपली, हा समज सोडा. "वस्तीवरची एक विधवा मजूर" असे लिहिले आणि वस्तीवर तशी एकच बाई असेल, तर नाव छापल्यासारखेच झाले. जात, वय, नाते, आजार, बोलण्याची लकब, यांतले काय गाळायचे ते गावच्या माणसाच्या नजरेने वाचून ठरवा. लैंगिक अत्याचाराची पीडित व्यक्ती आणि बालके यांची ओळख उघड करणे हा तर कायद्यानेच गुन्हा आहे.

माहिती देणाऱ्याला पैसे नाहीत, आणि वेषांतर शेवटच्या शेवटी, संपादकाच्या लेखी संमतीनेच. छुप्या कॅमेऱ्याची हौस नव्यांना फार असते. २००७ मध्ये दिल्लीत एका शाळेतल्या शिक्षिकेवर एका वाहिनीने स्टिंग दाखवले, जमावाने तिला मारहाण केली, आणि मग ते स्टिंगच बनावट निघाले. १९८१ चे उदाहरण वेगळ्या प्रकारे अवघड आहे. इंडियन एक्सप्रेसचे अश्विनी सरीन यांनी स्त्रियांची विक्री सिद्ध करण्यासाठी स्वतः एका बाईला पैसे देऊन विकत घेतले. बातमी खरी होती आणि तिने देश हादरला. पण ज्या बाईच्या आयुष्यातून ती बातमी घडली, तिच्या पुढच्या आयुष्याची जबाबदारी कुणाची, हा प्रश्न आजही प्रत्येक शिबिरात चर्चेला घेण्याजोगा आहे. मी तो घेतो, आणि माझे मत असे की छापण्यापूर्वी त्याचे उत्तर नसेल तर बातमी थांबवावी.

फोन, झेरॉक्स आणि चहाची टपरी

जुलै २०२१ मध्ये पेगॅसस या फोनवर हेरगिरी करणाऱ्या सॉफ्टवेअरचे प्रकरण बाहेर आले. डिसेंबर २०२३ मध्ये अ‍ॅम्नेस्टीच्या तपासणीत 'द वायर'चे सिद्धार्थ वरदराजन आणि ओसीसीआरपी या शोधपत्रकारांच्या जाळ्याचे आनंद मंगनाळे यांचे फोन पेगॅससच्या निशाण्यावर होते असे दिसले. असा धोका खरा आहे. ज्यांना अ‍ॅपलची हेरगिरीच्या धोक्याची सूचना येते त्यांनी आयफोनमधला लॉकडाउन मोड (जादा संरक्षणाची सोय) चालू करावा आणि जाणकार प्रयोगशाळेकडे फोन तपासायला द्यावा.

तालुक्यातल्या बातमीत मात्र माणूस सहसा साध्या मार्गांनी पकडला जातो. पंचायत समितीसमोरच्या दुकानात त्याच फाइलची झेरॉक्स काढली. टपरीवर दोघे एकत्र दिसले. पेट्रोल पंपाच्या सीसीटीव्हीत आले. मोबाइल दुरुस्तीला दिला आणि पासवर्डही सांगितला. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे सीडीआर, कुणी कुणाला कधी, कुठून फोन केला याच्या नोंदी. दूरसंचार कंपन्यांना कॉलच्या नोंदी किमान दोन वर्षे ठेवाव्या लागतात. 'सिग्नल' हे मेसेजिंग अ‍ॅप किंवा व्हॉट्सअ‍ॅप मजकूर लपवते, पण दोन फोन एकाच टॉवरखाली तासभर होते ही गोष्ट लपवत नाही. नाजूक भेटीला जाताना फोन घरी चालू ठेवून जा. भेट टाळायची असेल तर सिग्नलवर बोला, संदेश आपोआप पुसले जाण्याची मुदत लावा, आणि सूचनेत नाव-मजकूर दिसू देऊ नका.

बाकीची तयारी एका दुपारची आहे. फोनला बोटाऐवजी लांब पासवर्ड. ईमेल आणि व्हॉट्सअ‍ॅपला टू-स्टेप, म्हणजे पासवर्डखेरीज दुसरा कोड. व्हॉट्सअ‍ॅपमधल्या 'लिंक्ड डिव्हायसेस'मध्ये अनोळखी संगणक जोडलेला नाही ना, हे आठवड्याला पाहणे. क्लाउडवर जाणाऱ्या बॅकअपला एन्क्रिप्शन (किल्लीशिवाय वाचता न येणारे कुलूप) चालू करणे, नाहीतर फोनवरचे संरक्षण बॅकअपमध्ये गळून पडते. लॅपटॉपची पूर्ण डिस्क एन्क्रिप्ट करणे. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला तर त्यातले ठिकाण वगैरे तपशील निघून जातात, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर राहतात. पुरावा जपायचा की माणूस लपवायचा, त्यानुसार निवड करा.

मिळालेला मूळ कागद किंवा त्याचा फोटो छापू नका. कोपऱ्यातली सही, आवक क्रमांक, स्टेपलची जागा, घडी, चहाचा डाग, यावरून कोणती प्रत बाहेर गेली ते कळते. २०१७ मध्ये अमेरिकेत 'द इंटरसेप्ट'ने मिळालेल्या गुप्त दस्तऐवजाची प्रत खातरजमेसाठी सरकारकडे दाखवली. घड्यांवरून तो छापून बाहेर नेल्याचे कळले, छापणाऱ्यांची यादी निघाली आणि रिअ‍ॅलिटी विनर ही कर्मचारी पकडली गेली. तिला ६३ महिन्यांची शिक्षा झाली. मजकूर स्वतः टाइप करून घ्या. त्याहून चांगले म्हणजे तोच कागद माहिती अधिकारातून मिळवा आणि ती शिक्क्याची प्रत छापा.

समोरच्याची बाजू, आणि छापून येण्याचा दिवस

पुरावे दोन ठिकाणी सुरक्षित ठेवल्यावरच कंत्राटदार, अभियंता, सरपंच यांना प्रश्न पाठवायचे. लेखी पाठवा: ईमेल आणि हाती दिलेल्या पत्राची पोहोच. तीनेक दिवसांची मुदत द्या. बातमीतला प्रत्येक आरोप प्रश्नांत असला पाहिजे. छापून आल्यावर पहिल्यांदा कळलेला आरोप हा अन्याय आहे, समोरचा कितीही बदनाम असला तरी. उत्तर आले तर त्याचा गाभा वरच्या परिच्छेदांत द्या, शेवटच्या ओळीत नको. पुष्कळदा उत्तरामुळे बातमी सुधारते: रुंदी कमी झाली ती ग्रामसभेच्या ठरावाने, असा कागदच समोर येतो. "भेटून बोलू" असे कुणी म्हणाले तर कार्यालयात, सहकाऱ्यासह भेटा.

संपादकासह वकिलाकडूनही मसुदा वाचून घ्या. "घोटाळा", "लाटले", "संगनमत" हे शब्द कागदावर टिकतात का ते पाहा. "एमबीत रुंदी चार मीटर, जागेवर ३.१ ते ३.३ मीटर" असे वाक्य असेल तर त्या शब्दांची गरजही उरत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ नुसार बदनामीला दोन वर्षांपर्यंत साधी कैद आहे. इलेक्ट्रॉनिक पुराव्याला न्यायालयात भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र लागते आणि त्यात फाइलचे हॅश मूल्य (फाइल जराही बदलली तर बदलणारा तिचा अंकी ठसा) भरायचे असते. म्हणून मूळ व्हिडिओला हात लावू नका, काटछाट प्रतीवर करा, आणि मूळ फाइलचा हॅश पहिल्याच दिवशी नोंदवून ठेवा.

राजापूरचे वार्ताहर शशिकांत वारिशे यांची बातमी ६ फेब्रुवारी २०२३ ला छापून आली. त्याच दिवशी ते दुचाकीवर असताना गाडीने त्यांना धडक दिली आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. छापून येण्याचा दिवस आणि पुढचा आठवडा सर्वांत सांभाळायचा. नेहमीचा रस्ता, नेहमीची वेळ बदला. दर काही तासांनी कुणाला तरी फोन करण्याची वेळ ठरवा, आणि फोन आला नाही तर त्याने काय करायचे तेही. पुराव्यांची एक प्रत दुसऱ्या जिल्ह्यातल्या विश्वासू सहकाऱ्याकडे असू द्या, आणि ती आहे हे समोरच्यालाही कळू द्या. शक्य असेल तर बातमी दोन वृत्तपत्रांनी मिळून एकाच दिवशी छापा. मग एकाचा आवाज बंद करून काही साधत नाही. धमकी आली तर तिची तारीख, वेळ, नंबर लिहून त्याच दिवशी पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि तिची पोहोच घ्या.

पोलिसांची नोटीस आली तर ती लेखी मागा आणि वकिलासह जा. सूत्राचे नाव सांगण्यापासून पत्रकाराला पूर्ण संरक्षण देणारा कायदा भारतात नाही. प्रेस कौन्सिलसमोर तेवढे संरक्षण आहे, न्यायालयात नाही. म्हणून नाव तुमच्या वहीत, फोनमध्ये किंवा मेलमध्ये सापडूच नये. फोन जप्त करत असतील तर पंचनाम्याची प्रत मागा. झडती आणि जप्तीचे चित्रीकरण नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार आवश्यक आहे, याची नम्रपणे आठवण करून द्या.

बातमी आल्यावर पंधरा दिवसांनी आणि मग पुन्हा दोन-तीन महिन्यांनी माहिती देणाऱ्याची खबर घ्या, ठरलेल्या सुरक्षित मार्गानेच. कामावरून काढले, बदली झाली, रेशन अडवले असे काही घडले असेल तर तीही बातमी आहे, पण त्याच्या संमतीने. माहिती अधिकाराच्या प्रती, पाठवलेले प्रश्न, पोहोच, मूळ व्हिडिओ हे सगळे किमान तीन वर्षे जपा, कारण फौजदारी बदनामीची तक्रार तोपर्यंत होऊ शकते. दिवाणी दाव्याची मुदत एक वर्षाची आहे. माणसाची ओळख सांगणारे जे काही असेल, ते मात्र बातमीला त्याची गरज संपली त्याच दिवशी नष्ट करा, आणि नष्ट केल्याचे त्या माणसाला कळवा.